आयर्लंडचे एक वाद्य : वादन आणि निगा



व्याख्यानमालेच्या पत्रिकेत माझ्या नावापुढे हा विषय छापून आला, तेव्हा आमच्या युनियनच्या कचेरीत बरीच थट्टा झाली. बोनस, ग्रॅच्युइटी, कंत्राटी कामगार हे विषय संपले काय, असे एकाने विचारले. ते संपलेले नाहीत, संपण्याची चिन्हेही नाहीत. पण चिटणीसांचा आग्रह पडला की यंदा कामगार-कायद्यावर न बोलता तुमच्या आवडीच्या गोष्टीवर बोला. माझी आवड ही अशी सातासमुद्रापलीकडची निघाली, त्याला त्यांचा इलाज नाही.

मी संगीतातला जाणकार नव्हे. मूळचा फिटर. शाळा लवकर सुटली. पुढचे जे काही शिकलो ते मोफत वाचनालयात आणि युनियनच्या कचेरीत. डब्लिन शहरातील १९१३ सालच्या मोठ्या टाळेबंदीबद्दल वाचत असताना मला एमन केंट हे नाव भेटले. १९१६ च्या आयरिश उठावाच्या जाहीरनाम्यावर ज्या सात जणांच्या सह्या होत्या, त्यांतला हा एक. ८ मे १९१६ रोजी त्याला गोळ्या घालून मारले. हा गृहस्थ डब्लिन महापालिकेच्या खजिनदार खात्यात नोकर होता, पालिका नोकरांच्या संघटनेचा अध्यक्ष होता, आणि शहरातील पाइपवादकांच्या क्लबचा चिटणीस होता. हा क्लब १९०० साली निघाला. केंट स्वतः उत्तम वाजवी. कारकून, युनियनवाला आणि वादक ही तीन माणसे एका अंगरख्यात पाहून माझे कुतूहल जागे झाले. पुढे कामगार संघटनांच्या एका बैठकीनिमित्त डब्लिनला जाण्याचा योग आला, तेव्हा ते वाद्य डोळ्यांनी पाहिले, कानांनी ऐकले आणि त्याच्या पोटातले यंत्र कसे आहे ते एका कारागिराला विचारून घेतले.

बॅगपाइप म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर लष्कराचा किंवा पोलिसांचा बँड येतो. तोंडाने फुंकायची मशक, खांद्यावर उभे केलेले तीन दांडे, कडक इस्त्रीचे कपडे आणि मैदानभर जाणारा आवाज. तो पाइप स्कॉटलंडच्या डोंगरी मुलखातला. आज ज्याच्याबद्दल बोलणार ते वाद्य त्याच कुळातले, पण स्वभाव निराळा. हे बसून वाजवतात, घरात वाजवतात, आणि याला तोंडाने फुंकर घालत नाहीत. उजव्या हाताच्या कोपराखाली एक लहानसा भाता बांधलेला असतो. लोहाराचा असतो तसाच, फक्त बेतशीर. त्या भात्याने हवा भरायची. कोपराला आयरिश भाषेत जो शब्द आहे त्यावरून याला 'इलिन' पाइप म्हणतात.

या नावाचीही एक कथा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस हे वाद्य चांगले रुळले, तेव्हा त्याला 'युनियन पाइप्स' म्हणत. आमच्या कचेरीतली थट्टा इथे बंद पडली! काही जण या नावाचा संबंध १८०० साली आयर्लंडला इंग्लंडशी जोडणारा जो कायदा झाला त्याच्याशी लावतात, पण नाव त्याच्या आधीपासून छापलेले सापडते. निरनिराळ्या नळ्या एकजुटीने बोलतात म्हणून युनियन, असाही खुलासा करतात आणि तो मला अर्थातच पटतो. पुढे १९०३ साली ग्रॅटन फ्लड नावाच्या लेखकाने 'इलिन' हे नाव प्रचारात आणले. शेक्सपिअरच्या नाटकात 'वुलन पाइप' असा शब्द आहे, तो याच नावाचा अपभ्रंश, अशी त्याची उपपत्ती. शेक्सपिअरच्या काळी हे वाद्यच जन्माला आलेले नव्हते, तेव्हा ती उपपत्ती टिकण्यासारखी नव्हती. नाव मात्र टिकले, कारण कोपर खरेच कामाला लागतो.

दुसरी एक कथा अशी सांगतात की इंग्रजांनी रणवाद्य म्हणून मोठ्या पाइपवर बंदी घातली, म्हणून गरीब आयरिश माणसाने घरात बसून हळू वाजणारे वाद्य काढले. माझ्यासारख्या माणसाला ही कथा फार आवडायला हवी. पण पुरावा तिच्या बाजूने नाही. जमीनदारांच्या दिवाणखान्यातही हे वाद्य होते आणि जत्रेतल्या आंधळ्या वादकापाशीही होते. हौशी श्रीमंत वादकांचा एक वर्गच तिथे होता. तेव्हा त्या कथेचा मोह सोडू आणि वाद्याकडे वळू.

वाद्याची रचना नीट समजली तर पुढचे सगळे समजेल. भात्यातून हवा जाते ती डाव्या काखेखालच्या चामडी पिशवीत. पिशवीतून तिला तीन वाटा. पहिली वाट मुख्य नळीची, जिच्यावर बोटे चालतात. तिला चँटर म्हणतात. दुसरी वाट तीन खर्जाच्या नळ्यांची. त्या एकच सूर धरून बसतात, पण तीन सप्तकांत. आपल्या तंबोऱ्याचे काम त्या करतात, आणि एका कळीने हव्या तेव्हा बंदही करता येतात. तिसरी वाट रेग्युलेटर नावाच्या तीन नळ्यांची. यांची टोके बंद असतात आणि अंगावर पितळी चाव्या असतात : एकीवर पाच, बाकी दोन नळ्यांवर चार-चार, मिळून तेरा. त्या मांडीवर आडव्या पडलेल्या असतात. बोटे चँटरवर गुंतलेली असतानाच उजव्या मनगटाच्या कडेने त्या चाव्या दाबायच्या म्हणजे स्वरांचे गुच्छ उमटतात. आता हिशेब करा. उजवा कोपर भाता हलवतो, डावा हात पिशवी दाबतो, सात बोटे आणि एक अंगठा नळी धरतात, मनगट चाव्या दाबते आणि उजवा गुडघाही मोकळा नाही. कारखान्यात एका कामगारावर इतकी कामे टाकली असती तर मी दुसऱ्याच दिवशी मालकाच्या दारात उभा राहिलो असतो.

गुडघ्याचे काम काय ते सांगतो, कारण या वाद्याचा प्राण तिथे आहे. वादक मांडीवर चामड्याचा एक तुकडा बांधतो आणि चँटरचे खालचे तोंड त्यावर टेकवतो. तोंड बंद, वरची सगळी छिद्रेही बोटांनी बंद, की वाद्य तत्काळ गप्प. स्कॉटिश पाइप एकदा सुरू झाला की मध्ये थांबू शकत नाही. हा थांबू शकतो, स्वर तोडू शकतो. आणि असे क्षणभर मिटून पिशवीवर किंचित दाब वाढवून उघडले, की स्वर एकदम वरच्या सप्तकात उडी घेतो. स्कॉटिश चँटरला नऊच स्वर. याला पुरी दोन सप्तके. एका चामड्याच्या तुकड्याची ही करामत.

शिकणाऱ्याला पहिल्या दिवशी हे सगळे देत नाहीत. भाता, पिशवी आणि चँटर एवढाच सराव-संच देतात. त्यात खर्जाच्या नळ्या आल्या की अर्धा संच, रेग्युलेटर आले की पूर्ण संच. हा क्रम सक्तीचा नाही, पण शहाणपणाचा आहे. पहिले कित्येक आठवडे सूर एकीकडे राहतो आणि माणूस हवेशीच झुंजत असतो. पेटीच्या भात्याच्या आत स्प्रिंग असते, ती हवेचा दाब सारखा राखते. इथे ती स्प्रिंग म्हणजे वादकाचा डावा हात. भाता हवा भरतो तेव्हा पिशवी फुगते, भाता मागे जातो तेव्हा ती ओसरते. या चढउतारात दाब मात्र कणभरही हलता कामा नये. हलला की सूर डळमळतो आणि तो साऱ्या घराला ऐकू जातो. नवशिक्याचे शेजारी कोणत्याही देशात सारखेच दुःखी असतात.

मग बोटे. बासरीवाला बहुधा बोटांची टोके छिद्रांवर ठेवतो. इथे बोटे सपाट ठेवून पेरांच्या मांसल भागाने छिद्रे झाकायची. छिद्र निसटेल या भीतीने नवखा माणूस नळी आवळून धरतो आणि जितकी आवळावी तितके बोट उचलायला जड होते. मी पाहिलेल्या वर्गात शिक्षिका सारखे एकच सांगत होत्या : सैल, सैल. स्पॅनर नव्याने धरणाऱ्या पोरालाही आम्ही हेच सांगत आलो.

यात जिभेचे काम नाही, हे ध्यानात घ्या. सनईवाला जिभेने स्वर तोडतो. इथे तोंड वाद्याला लागतच नाही. तेव्हा एकच स्वर दोनदा घ्यायचा तर दोहोंमध्ये दुसऱ्या बोटाचा एक पुसटसा कण द्यावा लागतो, नाहीतर नळी मिटून उघडावी लागते. आयरिश वादनातली सारी नक्षी या अडचणीतून निघाली आहे. तळाच्या षड्जावर तर तीन निरनिराळ्या बोटांचे कण इतक्या झपाट्याने देतात की पाण्यात खडे पडल्यासारखा आवाज येतो. नळी वारंवार मिटून स्वर सुटे सुटे टाकणारे वादक आहेत आणि नळी मोकळी सोडून स्वरांची धार लावणारेही आहेत. दोन्ही पंथांचे अनुयायी आपापसांत आपल्या घराण्यांइतकेच भांडतात.

आता निगेकडे येतो. माझा खरा विषय हाच.

सनईला जशी पत्ती असते तशी पत्ती या वाद्यालाही असते, पण एक नव्हे. पूर्ण संचात सात पत्त्या : चँटरला एक, खर्जाला तीन, रेग्युलेटरांना तीन. खर्जाच्या पत्त्या एकेरी, बाकीच्या चार दुहेरी. सनईवाला वाजवण्यापूर्वी पत्ती तोंडात धरून ओली करतो. इथली पत्ती कोरडीच राहिली पाहिजे. भात्यातून कोरडी हवा येते म्हणूनच ती इतकी नाजूक तासता येते आणि म्हणूनच तिचा आवाज इतका गोड. तिच्यात तोंडाने फुंकणे हे पाप समजतात. पण कोरडी असल्यामुळे ती बाहेरच्या हवेची गुलाम होते. पाऊस लागला, ऊन पडले, बंद खोलीत शेगडी पेटली, की पत्ती आपला आकार बदलते आणि कालचा बिनचूक सूर आज लागत नाही. डब्लिनच्या दमट हवेत तासलेली पत्ती अमेरिकेतल्या कोरड्या हिवाळ्यात नेली की मुकी होते, म्हणून तिकडचे वादक तिकडच्या हवेतच पत्ती करायला शिकतात.

ही पत्ती कशी होते? बोरूच्या जातीचा एक जाड पोकळ नळ दक्षिण युरोपात होतो, स्पेनमध्ये, फ्रान्सच्या दक्षिणेला. तो वाळवून उभा चिरायचा. एका चिरफळीचा आतला भाग गोल पटाशीने कोरायचा, मग गोल लाकडावर पॉलिशकागद गुंडाळून त्यावर घासायचा, तो मिलिमीटरहूनही पातळ होईपर्यंत. मधोमध तोडून दोन पाती करायची, त्यांची शेपटे निमुळती तासायची आणि ती दोन्ही पाती समोरासमोर धरून पितळेच्या किंवा तांब्याच्या लहानशा नळीवर मेणाच्या दोऱ्याने आवळून बांधायची. वर तांब्याची एक चपटी पट्टी बसवतात. ती किंचित दाबली की पत्तीचे ओठ मिटतात वा उघडतात. शेवटी चाकूने ओठ खरवडायचे. इथे सगळी परीक्षा. दोन खरवड कमी पडले तर पत्ती बोलत नाही, एक जास्त झाला तर ती कायमची गेली. मी आयुष्यभर कानस चालवली आहे, मायक्रोमीटर लावून काम केले आहे. पण इथे मायक्रोमीटर अर्ध्या वाटेपर्यंत सोबत करतो, पुढे कान. आणि एका दिवसात काम उरकत नाही. थोडे खरवडायचे, ठेवून द्यायचे, हवेला मुरू द्यायचे, दोन दिवसांनी पुन्हा पाहायचे. चांगल्या कारागिराच्याही बऱ्याच पत्त्या कचऱ्यात जातात.

बाकीची निगा इतकी बिकट नाही, पण रोजची आहे. पिशवी कुठे हवा सोडते का ते पाहण्यासाठी तिची तोंडे बंद करून ती फुगवायची, दाबायची आणि गाल जवळ नेऊन झुळूक लागते का ते पाहायचे. सांधे सैल झाले तर मेण लावलेला दोरा गुंडाळायचा. भात्यातली चामड्याची झडप वाळून कडक झाली की खटखट वाजते, ती बदलायची. एखादा स्वर चढा लागत असेल तर छिद्राच्या कडेला मेणाचा कण लावायचा. एका स्वराने भागत नसेल तर नळीच्या पोटात लव्हाळ्याची एक बारीक काडी सरकवायची. खर्जाच्या पत्तीची जीभ मिटून बसली तर तिच्याखाली एक केस ठेवायचा. होय, डोक्याचा केस. हे उपाय ऐकायला घरगुती वाटतात, पण दोनशे वर्षे ते चालले आहेत.

त्या देशात एक म्हण आहे की पाइपवादक तयार व्हायला एकवीस वर्षे लागतात : सात शिकण्याची, सात सरावाची, सात वाजवण्याची. जुन्या युरोपात सुताराची, लोहाराची उमेदवारीदेखील सात वर्षांची असे. वादकालाही ते कारागीरच समजत होते, असा अर्थ मी या म्हणीचा घेतो.

आता लाकूड आणि पत्ती यांचा फरक पाहा. चँटर आबनूसाचा किंवा तसल्या टणक लाकडाचा. तो शंभर, दोनशे वर्षे टिकतो. पत्ती फार तर काही वर्षे. शेमस एनिस नावाचा मोठा वादक होऊन गेला, १९१९ ते १९८२. त्याच्या वडिलांनी १९०८ साली लंडनमध्ये गहाणवट्याच्या दुकानातून एक पिशवी विकत घेतली. तिच्यात एका जुन्या पाइपचे सुटे तुकडे होते. डब्लिनच्या थॉमस स्ट्रीटवरच्या कॉइन नावाच्या कारागिराचे ते काम निघाले, एकोणिसाव्या शतकातले. ते जोडले, दुरुस्त केले, आणि शेमसने जन्मभर तेच वाजवले. त्याच्यामागे ते लिअम ओफ्लिनकडे गेले. तो २०१८ साली वारला. एका गहाण पडलेल्या पिशवीतून शंभर वर्षांचे संगीत निघाले. पण पत्ती करणारा माणूसच नाहीसा झाला असता तर ती पिशवी सरपण होती.

आणि माणूस नाहीसा होण्याची वेळ खरोखरच आली होती. १८४५ नंतरच्या दुष्काळात त्या चिमुकल्या देशात सुमारे दहा लाख माणसे मेली, आणखी दहा लाख देश सोडून गेली. वादकही गेले, त्यांना चार पैसे देणारेही गेले. पाइप हा त्या काळी पुष्कळदा आंधळ्या मुलांना लावून देण्याचा धंदा होता. दुसरे काम त्यांना कोण देणार? क्लेअर परगण्यातला गॅरेट बॅरी हा असाच आंधळा वादक. दुष्काळाच्या ऐन कहरात, १८४७ साली जन्मला. गावोगाव वाजवत फिरला, लोकांनी त्याच्या चिजा तोंडपाठ केल्या, आणि १८९९ साली तो एनिसटायमनच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे कंगालांना कोंडून ठेवण्याच्या सरकारी घरात, मेला. त्याच्या चिजा आजही वाजतात. त्या पुढे गेल्या त्या बासरी वाजवणाऱ्या एका शेजाऱ्याच्या स्मरणातून. त्या शेजाऱ्याचा मुलगा विली क्लॅन्सी. तो सुतार होता. देशात काम मिळेना म्हणून लंडनला जाऊन सुतारकाम केले आणि १९५७ साली गावी, मिलटाउन मॅलबेला, परतला. वाजवणे आणि पत्ती करणे दोन्ही त्याच्या हातात. १९७३ साली तो वारला, आणि त्याच साली त्याच्या नावाने तिथे उन्हाळी शाळा सुरू झाली. ती अजून दर जुलैत भरते.

जॉनी डोरनची हकिगत तर आपल्याकडच्या कोणाही डोंबाऱ्याला, बहुरूप्याला आपली वाटेल. हा फिरस्त्या जमातीतला. गाडीत बिऱ्हाड, जत्रा आणि घोड्यांच्या शर्यती हीच त्याची रंगभूमी, पुढ्यात पडतील ते पैसे ही मिळकत. १९४७ साली आयरिश लोकसाहित्य मंडळाच्या लोकांनी त्याचे थोडे वादन तबकड्यांवर मुद्रित केले. १९४८ च्या जानेवारीत डब्लिनमध्ये वादळात एक विटांची भिंत त्याच्या गाडीवर कोसळली. तो अपंग झाला आणि १९५० साली गेला. मुद्रण थोडक्या महिन्यांनी लांबले असते तर आज तो फक्त नावाने उरला असता.

सरकारचाही यात हातभार होता. १९३५ साली सार्वजनिक नृत्याला परवाना लावणारा कायदा झाला, धर्मगुरूंचा पाठिंबा त्याला होताच, आणि घराघरांत, चौकांत चालणारे नाच आटले. नाच आटला की वाजवणारा उपाशी. धंदे बंद पडतात ते नेहमी यंत्रामुळेच असे नाही, हे आम्हा युनियनवाल्यांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१९६८ पर्यंत वादकांची संख्या शंभराच्या आत आली. जे होते त्यांत पत्ती करणारे मूठभर. आणि इथे मला एक कडू बोलावे लागते. हे ज्ञान घटले त्याला गरिबी कारण, दुष्काळ कारण, कायदा कारण; पण झाकली मूठ हेही कारण. पत्तीचे माप, खरवडण्याची जागा ही घराण्याची गुपिते. ती मुलाला द्यायची, परक्याला नाही. याला दोष देणे सोपे आहे. ज्या माणसापाशी जमीन नाही, पगार नाही, त्याची गुपित हीच मिळकत. ती तो फुकट का वाटील? आमच्या खात्यातले जुने मिस्त्रीही मशीनचे सेटिंग करताना पाठ वळवून उभे राहत. नवा माणूस तयार झाला की आपली गरज संपली, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. ही भीती उपदेशाने जात नाही.

उलट वागणारा एक माणूस डब्लिनमध्ये होता. लिओ राउसम, जन्म १९०३. आजोबा, वडील दोघे वादक आणि कारागीर. गुपित राखण्याचा पुरेपूर हक्क असलेला माणूस. पण त्याने पन्नास वर्षे महापालिकेच्या संगीतशाळेत शिकवले, १९३६ साली बंद पडलेला क्लब पुन्हा उभा केला, त्याच साली शिकणाऱ्यांसाठी पुस्तक छापले, आणि बाहेरच्यांना पाइप करून दिले. लिअम ओफ्लिन त्याच्याच हाताखालचा, 'चीफटन्स'चा पॅडी मलोनीही त्याचाच. १९७० साली एका स्पर्धेचे परीक्षण करायला गेला असता त्याला मृत्यू आला. मी म्हणतो, त्याला हे परवडले याचे एक कारण असे की शाळेतून त्याला पगार होता. शिकवल्याने त्याची भाकरी घटत नव्हती, वाढत होती.

१९६८ साली मीथ परगण्यात, बेटिस्टाउन गावी, उरलेसुरले वादक जमले आणि त्यांनी संघटना काढली. नाव 'ना पीबरी इलिन', म्हणजे इलिनवादक मंडळी. ब्रेंडन ब्रानख हा सरकारी नोकर तिचा पहिला अध्यक्ष. नाचाच्या चाली जमवण्यात त्याने आयुष्य घातले होते. सभासद कोण, तर वाजवणारे. श्रोत्यांचा, आश्रयदात्यांचा मंडळ त्यांनी काढला नाही, आणि हे मला फार शहाणपणाचे वाटते. पुढच्याच वर्षी पत्रिका निघाली. तिच्यात मापे, आकृत्या, पत्ती करण्याच्या रीती छापून येऊ लागल्या. पुढे वेगवेगळे कारागीर आपापल्या हाताने पत्ती कशी करतात याचे चित्रपट घेतले. जे पाठ वळवून करायचे ते आता दिव्याखाली, कॅमेऱ्यासमोर. २०१७ साली युनेस्कोने या वादनाला मानवजातीच्या वारशाच्या यादीत घेतले. तो मान मोठा खरा. पण मला त्या पत्रिकेतल्या आकृत्या जास्त मोलाच्या वाटतात.

संघटनेचे घर मी पाहिले. हेन्रिएटा स्ट्रीट, १५ नंबर. अठराव्या शतकात उमरावांसाठी बांधलेली ही वाड्यांची ओळ पुढे गरिबांच्या चाळी झाली. शेजारच्या १४ नंबरात १९११ साली शंभर माणसे राहत होती. आज तिथे त्या चाळजीवनाचे संग्रहालय आहे. आपल्या गिरणगावातल्या माणसाला तो जिना चढताना परके वाटणार नाही. १५ नंबरात पाइपचे वर्ग भरतात. दहा-बारा वर्षांची एक मुलगी भात्याचा पट्टा दंडाला बांधण्याची खटपट करीत होती. संच तिचा नव्हता, संघटनेचा होता. नव्या संचाला पैसे फार लागतात आणि नाव असलेल्या कारागिराकडे वर्षानुवर्षे थांबावे लागते. म्हणून संघटना सराव-संच उसने देते. मुदत संपली की तो परत करायचा, मग दुसऱ्याच्या हाती जातो. शिक्षिकेने तिची पिशवी दाबून पाहिली, एका सांध्याशी गाल नेला आणि मेणाचा दोरा तिच्याच हातात देऊन तिलाच तो गुंडाळायला लावला. वाजवण्याचा धडा त्यानंतर.

माझी वेळ संपत आली आहे. चिटणीसांनी इथे ध्वनिमुद्रणे ऐकवण्याची सोय केली आहे. पहिले जॉनी डोरनचे, १९४७ सालचे. मागे थोडी खरखर आहे, ती तबकडीची. दुसरे लिओ राउसमचे, १९५९ सालच्या मोठ्या तबकडीवरचे. चाल वरच्या सप्तकात चढण्यापूर्वी कुठे कुठे एक सूक्ष्म खंड पडेल, पापणी लवल्याएवढा. तो गुडघा. आणि मध्येच खालून तीन-चार स्वर एकदम ठोकल्यासारखे येतील, ते मनगट. राउसमच्या तबकडीत ते अधिक स्पष्ट ऐकू येते. मागच्या बाकांवरच्या मंडळींनी पुढे सरकून बसावे, पुढे जागा आहे.